ओंडक्याखालची मासळी



चित्रकूटावर भरत रामाला परत न्यावयास आला तेव्हा रामाने त्याची समजूत घालताना ओंडक्यांचा दृष्टान्त दिला, हे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महासागरात दोन ओंडके वाहत वाहत जवळ येतात, घटकाभर सोबत राहतात आणि पुन्हा दुरावतात. माणसामाणसांच्या गाठी तशाच. कीर्तनकारांनी हा दृष्टान्त घरोघर पोचविला. आज मला त्याच ओंडक्याविषयी बोलावयाचे आहे. परंतु वैराग्य सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस आहे. त्या ओंडक्याखाली काय असते, आणि जे असते ते कोणाच्या पदरात पडते, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकाने घातला नाही. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, तो कसा संपला हे आपणांस ठाऊक आहे, आणि आम्ही रत्नागिरीस परत आलो. आठवीनंतर माझी शाळा सुटली व बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या ओढू लागलो. पुढे त्याच कारखान्यात संघटना बांधली. मग मासळी चढविणारे हमाल आले, मासळी निवडणाऱ्या बायका आल्या. वाचावयास शिकलो तो नगर वाचनालयाच्या बाकावर.

५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीन जाळ्यांवर बंधने घालणारा आदेश काढला. हे जाळे मासळीच्या थव्याभोवती गोल फिरवितात आणि खालची दोरी आवळून, बटव्याचे तोंड बंद करावे तसे, बंद करितात. त्याला वर्षातले मोजके महिनेच परवानगी उरली. आमच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली. मी सभासदांसह मोर्चा काढला. मोर्चा संपल्यावर रापण ओढण्यात जन्म गेलेला एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाबा रे, तू पगारासाठी भांडतोस ते बरोबर. पण तो पगार ज्या मासळीतून येतो, तिच्यात माझा वाटा होता. तो कुठं गेला, ते तरी सांगशील?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी वाचीत राहिलो, आणि वाचता वाचता ओंडक्यापाशी येऊन पोचलो.

प्रथम ओंडका म्हणजे काय ते पाहू. मोकळ्या समुद्रात, जेथे चहूकडे पाण्यावाचून काही नाही, तेथे कोणतीही वस्तू तरंगत असली, मग ते मोडलेले झाड असो, फळी असो, मेलेला देवमासा असो, की तुटून आलेले जाळे असो, थोड्याच दिवसांत तिच्याखाली मासळी जमते. आधी लहान मासे आडोशाला येतात, मग माहीमाही, मग ज्याला आपण कोकणात कुपा किंवा गेदर म्हणतो त्या ट्यूनाच्या जातीचे थवे, आणि त्यांच्या मागोमाग शार्क. ही गोष्ट बुडालेल्या बोटींच्या खलाशांनी आपल्या जिवावर अनुभवली आहे. पून लिम नावाचा एक चिनी खलाशी ब्रिटिश मालवाहू बोटीवर वाढप्याचे काम करीत असे. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जर्मन पाणबुडीने ती बोट अटलांटिक महासागरात बुडविली. हा एकटा माणूस लाकडी तराफ्यावर १३३ दिवस वाहत राहिला. शिधा संपला तेव्हा त्याने तराफ्यावरच्या वस्तूंतून गळ घडविला आणि तराफ्याखाली जमलेली मासळी धरून तो जगला. १९४३ च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी त्याला उचलले. तो तराफाच त्याचा ओंडका होता.

मासळी अशी का जमते, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. ओंडका मासळीला पोसतो असे मात्र समजू नये. त्यावर शेवाळ धरते, खेकडे चिकटतात, परंतु कुप्याच्या हजारोंच्या थव्याचे पोट त्यावर भरत नाही. एक मत असे की, झाडे नदीच्या पुरातून येतात, नदीचे पाणी सुपीक असते, म्हणून ओंडका ही सुपीक पाण्याची खूण आहे आणि मासा त्या खुणेमागे जातो. दुसरे मत असे की, अफाट समुद्रात पांगलेल्या थव्यांना पुन्हा एकत्र येण्यास काही ठिकाण लागते. गावाला जसा पार, तसा मासळीला ओंडका. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. मासा त्या खुणेवर विश्वास ठेवतो. या विश्वासाचे पुढे काय झाले, तोच आजचा इतिहास आहे.

ओंडक्याखाली जीव किती दूर जातो याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप होऊन समुद्र गावांत शिरला आणि परत जाताना घरे, होड्या, लाकूड सारे ओढून घेऊन गेला. त्यांतली एक लहान होडी दोन वर्षांनी, १९१३ मध्ये नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत २०१३ मध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याला लागली. तिच्या पाण्याने भरलेल्या खणात जपानी किनाऱ्यावरचे पाच मासे जिवंत होते. संपूर्ण प्रशांत महासागर त्यांनी एका मोडक्या होडीच्या आश्रयाने ओलांडला होता.

माणसाने हे गुपित केव्हा ओळखले? लेखी पुरावा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा सिलिशिया नावाचा प्रांत होता. तेथल्या ओप्पियन नावाच्या ग्रीक कवीने मासेमारीवर पाच सर्गांचे काव्य रचले आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याला अर्पण केले. त्यात तो सांगतो की, माहीमाहीला फुटक्या बोटीच्या फळ्यांमागे जाण्याची भारी हौस. हे पाहून कोळ्यांनी बोरूच्या जुड्या बांधल्या, खाली दगड अडकविला आणि त्या पाण्यात सोडल्या. सावलीला मासा आला की गळ टाकावयाचा. मित्रहो, येथे एक मोठी घटना घडलेली आहे. ज्या दिवशी माणसाने ओंडका शोधण्याऐवजी ओंडका बनविला, त्या दिवशी दैवाची गोष्ट उद्योगाची झाली.

हा उद्योग भूमध्य समुद्रात अजून चालू आहे. माल्टा हा तेथला लहानसा द्वीपदेश. तेथे माहीमाहीला लाम्पूकी म्हणतात. कोळी पूर्वी बुचाचे तरंगते पाट करीत, त्यांवर ताडाच्या झावळ्या बांधीत आणि किनाऱ्यापासून बाहेरपर्यंत त्यांची ओळ नांगरून ठेवीत. या पाटांना ते कन्नीत्साती म्हणतात. बुचाच्या जागी आता दुसरे हलके पदार्थ आले, पण झावळ्या राहिल्या. हंगाम ऑगस्टच्या मध्यावर उघडतो, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कोणत्या बोटीने कोणत्या ओळीत पाट टाकावयाचे, हे तेथे दांडगाईने किंवा पैशाने ठरत नाही. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या नावाने जी ओळ निघेल ती त्या हंगामापुरती त्याची. पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या. स्पेनच्या मायोर्का बेटावरही हीच चाल आहे. आणि २००६ साली भूमध्य समुद्राच्या मासेमारी आयोगाने या पाटांवरच्या मासेमारीस १ जानेवारी ते १४ ऑगस्ट बंदी घालून जुन्या चालीला कायद्याचा आधार दिला. गरीब कोळ्यांनी समुद्राची वाटणी करण्याची रीत शोधून काढली होती. सरकारांनी तिला मागाहून मान्यता दिली.

पूर्वेकडेही हेच ज्ञान स्वतंत्रपणे वाढले. जपानात माहीमाहीसाठी बांबूच्या जुड्या सोडीत. इंडोनेशियात नांगरलेल्या तराफ्याला रुंपोन म्हणतात, फिलिपाइन्समध्ये पयाओ. बांबूचा तराफा, खाली नारळाच्या झावळ्या, नांगराला दगड. खर्च काय तो मेहनतीचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून फिलिपाइन्सचे कोळी पयाओभोवती गळ टाकीत आले. १९७० नंतरच्या दशकात तेथे पर्ससीनच्या मोठ्या बोटी आल्या. बांबूच्या जागी लोखंडी पिंपे आली, दगडाऐवजी काँक्रीट आले, पयाओ खोल पाण्यात गेले. उत्पन्न झपाट्याने वाढले. पण त्या वाढीव उत्पन्नात पिवळ्या परांच्या ट्यूनाची पिल्ले फार येऊ लागली. या जातीचा मासा सुमारे एक मीटर लांब झाल्यावर प्रजेस येतो. पयाओखाली सापडतात ती बहुधा त्याच्या निम्म्या लांबीची. माल्टाचा लाम्पूकी वर्षाच्या आत प्रजेस येतो, म्हणून तो झावळीखालची शिकार सोसतो. पिवळ्या परांचा ट्यूना तितके सोसू शकत नाही. एकच युक्ती एका माशाला पचते आणि दुसऱ्याला मारते, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

आता यंत्रयुगाकडे येऊ. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन नव्या गोष्टी आल्या. एक नायलॉनचे जाळे, आणि दुसरी मारियो पुरेतिच या क्रोएशियात जन्मलेल्या कोळ्याने काढलेली यांत्रिक कप्पी. ज्या जाळ्याला ओढावयास डझनावारी हात लागत, ते जाळे ही कप्पी उचलू लागली. दहा वर्षांच्या आत गळाने ट्यूना धरणाऱ्या बोटींचा ताफा जवळजवळ नाहीसा झाला. गिरणीत स्वयंचलित माग आले तेव्हा काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना मी अधिक सांगावयास नको. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. कप्पी काढणारा स्वतः कोळीच होता. यंत्र आपल्यातलाच कोणी काढतो. ते कोणाच्या मालकीचे होते, हा वेगळा प्रश्न.

पूर्व प्रशांत महासागरात मोठे ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतात. पर्ससीनवाले डॉल्फिनच्या कळपालाच वेढा घालू लागले, आणि १९६० च्या दशकात डॉल्फिन लाखांनी मेले. लोकांत संताप झाला. १९७२ साली अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९९० साली मोठ्या डबाबंद कंपन्यांनी जाहीर केले की, डॉल्फिनला वेढा घालून धरलेला ट्यूना आम्ही घेणार नाही. गिऱ्हाइकांचा तो विजय होता, आणि डॉल्फिन वाचले हे खरेच आहे. पण बोटी बंद झाल्या नाहीत. पुष्कळ बोटी डॉल्फिन सोडून ओंडक्यांकडे वळल्या. ओंडक्याखाली डॉल्फिन नसतात. परंतु शार्क असतात, कासवे असतात आणि ट्यूनाची पिल्ले असतात. डब्यावर डॉल्फिन सुरक्षित असल्याचे चित्र आले. पिल्लांचे चित्र कोणी छापले नाही. चांगल्या हेतूने एक दार लावले की पाणी कोणत्या फटीतून जाईल हे पाहावे लागते, हा धडा आमच्या चळवळीलाही लागू आहे.

आता आपल्या समुद्राकडे या. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्स आणि स्पेन यांच्या पर्ससीन बोटी अटलांटिक सोडून हिंदी महासागरात आल्या. त्यांनी सेशेल्स बेटांचे व्हिक्टोरिया बंदर गाठले. १९८७ साली तेथे डबाबंद ट्यूनाचा कारखाना निघाला. हे सेशेल्स आपणांस अगदीच परके नाही. आपल्या आज्या ज्याला दर्याचा नारळ म्हणत आणि वैद्य जो उगाळून देत, तो दोन फाकांचा थोरला नारळ फक्त सेशेल्सच्या बेटांवर होतो. १७६८ पर्यंत त्याचे झाड कोणत्या देशात आहे हे जगाला माहीत नव्हते. तो वाहत येई, म्हणून समुद्रातच पिकतो असे लोक समजत. मालदीवच्या किनाऱ्यावर तो फार सापडे. १६०२ साली बोट फुटून मालदीवला लागलेला फ्रेंच प्रवासी पिरार याने लिहून ठेविले आहे की, असा नारळ सापडला तर तो राजाचा. प्रजेने तो लपविला तर शिक्षा.

हा कायदा नीट पाहा. समुद्र वाहून आणतो ती वस्तू कोणाची? किनाऱ्याला लागली तर राजाची. आणि किनाऱ्याला लागण्यापूर्वी, मोकळ्या पाण्यात? तेथे राजा नव्हता. तेथे ओंडका पाहील त्याचा. म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी.

नवीन आलेल्या बोटींनी आरंभी याच रीतीने काम केले. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या नद्या पावसाळ्यात झाडे वाहून आणतात, ती मोझांबिकच्या सामुद्रधुनीत फिरत राहतात. दुर्बिणीतून ती शोधावयाची, उजाडताच वेढा घालावयाचा. मग ओंडक्याला वायरलेसचा बोया बांधू लागले, म्हणजे तो पुन्हा सापडावा. मग बांबूचे तराफे स्वतःच बनवून सोडू लागले, आणि खाली जुन्या जाळ्याचे पन्नास मीटर, कधी त्याहूनही लांब, शेपूट. मग बोया उपग्रहाशी बोलू लागला. अखेर बोयात प्रतिध्वनीचे यंत्र बसले. आता तो मालकाला रोज कळवितो की माझ्याखाली इतकी मासळी आहे. कोळ्याच्या शेकडो वर्षांच्या ज्ञानातला जो भाग नजरेचा होता, पाण्याच्या रंगाचा, पक्ष्यांच्या घिरट्यांचा, तो तांडेलाच्या डोक्यातून निघून एका पेटीत गेला. पूर्वी तांडेल बोट सोडून गेला तर ज्ञान त्याच्याबरोबर जाई. आता तो गेला तरी पेटी राहते. मालक-मजुरांच्या बोलणीत याचा अर्थ काय होतो, हे मी तीस वर्षे पाहिले आहे.

हे तराफे किती, याचा हिशेब बराच काळ कोणाजवळ नव्हता. एका अंदाजाप्रमाणे २०१३ या एका वर्षात जगभर ८१,००० ते १,२१,००० वाहते तराफे समुद्रात सोडले गेले. जगातल्या पर्ससीन बोटींच्या ट्यूनापैकी मोठा भाग आज अशा तराफ्यांखालून येतो. आणि गंमत अशी की, या कोट्यवधींच्या धंद्यातही जुना कायदा जिवंत आहे. दुसऱ्याचा तराफा वाटेत सापडला की त्याचा बोया काढून आपला बांधतात. आयत्या बिळावर नागोबा! कारण मोकळ्या समुद्रात तराफ्याचा धनी कोण हे ठरविणारे न्यायालय नाही. नफ्याच्या वेळी बोयावर धन्याचे नाव असते. तोच तराफा वाहत जाऊन एखाद्या बेटाच्या प्रवाळावर आदळला, त्याचे जाळे तेथे गुंतले, की धनी सापडत नाही. तो कचरा होतो. आणि कचरा नेहमी किनाऱ्यावरच्या माणसाच्या वाट्याला येतो.

त्या जाळ्याच्या शेपटांत काय घडत होते, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. रेशमी शार्क नावाची जात या जाळ्यांत अडकून मरते, आणि मेल्यावर थोड्याच दिवसांत गळून पडते, म्हणून कोणाला दिसत नाही. एकट्या हिंदी महासागरात वर्षाला ४,८०,००० ते ९,६०,००० शार्क असे मरत असावेत, असा तो अंदाज होता. त्यानंतर न गुंतणाऱ्या तराफ्यांचे नियम आले. आणि मघाचा विश्वासाचा मुद्दा येथे आठवा. ओंडका ही जर सुपीक पाण्याची खूण असेल, तर नापीक पाण्यात सोडलेले हजारो तराफे म्हणजे हजारो खोट्या पाट्या. मासा पाटी वाचून तेथेच थांबतो आणि उपाशी राहतो, अशी भीती काही शास्त्रज्ञांनी पंचवीस वर्षांपूर्वीच बोलून दाखविली होती. तिच्यावर वाद चालू आहे.

हिंदी महासागराच्या ट्यूनासाठी एक आयोग आहे. त्याचा करार १९९३ साली झाला, तो १९९६ साली अमलात आला, आणि त्याची कचेरी त्याच व्हिक्टोरियात आहे. भारत त्याचा सभासद आहे. २०१५ साली या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी सांगितले की, पिवळ्या परांच्या ट्यूनाची अतिशिकार झाली आहे. त्याच वर्षी एका बोटीला एका वेळी ५५० बोये ही मर्यादा घातली गेली; ती पुढे उतरत ३०० वर आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोंबासा येथे इंडोनेशिया आणि काही किनारी देशांनी वर्षातून ७२ दिवस वाहत्या तराफ्यांवर बंदी घालण्याचा ठराव मांडला व मताधिक्याने मंजूर करून घेतला. परंतु आयोगाचा नियम असा की, एक तृतीयांशाहून अधिक सभासदांनी हरकत घेतली तर ठराव कोणावरच बंधनकारक राहत नाही. युरोपीय संघाने आणि इतर काही देशांनी हरकत घेतली. ठराव कागदावर राहिला. २०२४ साली तडजोड झाली: २०२६ पासून बोटीमागे २५० बोये, २०२८ पासून २२५. त्याच वर्षीच्या नव्या मोजणीत पिवळ्या परांच्या ट्यूनाची स्थिती सुधारल्याचा निष्कर्षही निघाला. निराश होण्याचे कारण नाही, आणि डोळे मिटण्याचेही नाही.

हरकत घेणाऱ्यांत किनाऱ्यावरचे गरीब देशही होते, हे वाचून मला प्रथम राग आला. मग मला माझा मोर्चा आठवला. ज्या गावात चूल डबाबंद मासळीच्या कारखान्यावर पेटते, त्या गावाने बंदीला हात वर करावा, अशी अपेक्षा कोण करील? मीही २०१६ साली केला नव्हता. बर्फाची लादी ओढणारा आणि व्हिक्टोरियाच्या कारखान्यात मासा कापणारी बाई, यांना एकमेकांची भाषा कळत नसेल, पण त्यांची अडचण एकच आहे. त्यांचा पगार त्याच मासळीतून येतो, जिच्यात दुसऱ्या एका गरिबाचा वाटा होता. मालक ही गोष्ट चांगली जाणतो. म्हणून बंदीची वेळ आली की तो स्वतः मागे राहतो आणि आम्हाला पुढे करितो.

आपल्या किनाऱ्यावर वाहते तराफे फार नाहीत, परंतु त्यांची भावंडे आहेत. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सुरूच्या फांद्या आणि नारळाच्या पोया बांधून माकुल गोळा करण्याची रीत गेल्या दोन दशकांत पसरली. माकुल तेथे अंडी घालावयास येते आणि तेथेच धरली जाते. गळवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात त्यावरून मारामाऱ्या झाल्या. आपल्याकडे रात्री पाण्यावर झगझगीत एलईडी दिवे सोडून मासळी खेचतात. हा प्रकाशाचा ओंडकाच होय. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला बंदी केली. बंदी कशी पाळली जाते, हे बंदरावर राहणाऱ्यांना मी सांगावयास नको.

याउलट गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध जो लढा दिला, तो आठवावा. मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे पुढारी त्यातून निघाले, १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि त्या चळवळीचे धागे देशभरच्या मच्छीमार संघटनेत गेले. रापणीची रीत काय? जाळे पाण्यात जाते, दोन्ही टोकांना गाव उभे राहते, आणि दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. कोणाचा मोठा, कोणाचा लहान, त्यात अन्यायही असत. मी तिचे गोडवे गात नाही. परंतु वाट्याचा प्रश्न तेथे वाळूवर, सर्वांसमक्ष सुटे. बोया आणि उपग्रह यांच्यामध्ये तो कोणासमक्ष सुटतो?

तेव्हा त्या म्हाताऱ्याला आज मी काय सांगेन? यंत्र जाळून टाका असे मी म्हणणार नाही. मालदीव बेटांत १९८० च्या दशकापासून सरकारनेच तराफे नांगरून ठेविले आहेत. त्यांवर कोणा एकाची मालकी नाही, कोणीही बोट न्यावी आणि गळाने एकेक मासा धरावा. म्हणजे दोष तराफ्याचा नव्हे. मला इतिहासातून तीन गोष्टी कळल्या, त्या मी आमच्या संघटनेपुढेही मांडल्या आहेत. जो समुद्रात तराफा सोडील त्याचे नाव आणि संख्या उघड्या वहीत असावी, आणि तो वाहून गेला तर परत आणण्याचा खर्च त्याचा. जागेची वाटणी माल्टाप्रमाणे चिठ्ठीने किंवा मालदीवप्रमाणे सर्वांस मोकळी असावी. ज्याचा बोया मोठा त्याची नसावी. आणि बंदीच्या दिवसांचा पगार बोटीवरच्या खलाशाला, बर्फवाल्याला व मासळी निवडणाऱ्या बाईला मिळावा. ही तिसरी अट मान्य झाल्यावाचून पहिल्या दोहोंना आमचे लोक मनापासून हात वर करणार नाहीत. आणि आमचे लोक हात वर करीत नाहीत तोवर मालकाला हरकत घेण्यास आयते माणूस मिळत राहील.

आमच्या सभेत या ठरावावर दोन तास वाद झाला. तिसरी अट सर्वांना पसंत पडली. पहिल्या दोन अटींवर काहीजण म्हणाले, "हे कोळ्यांचे बघणे, आपले नव्हे." ठराव थोड्या मतांनी संमत झाला. तो म्हातारा त्यापूर्वीच वारला होता. त्याच्या मुलाला मी ठरावाची प्रत नेऊन दिली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "पुढची सभा कधी आहे? मी येऊ का?" मी म्हटले, "ये."